घरातल्या ज्येष्ठांची ताकद आणि स्वावलंबन कसे मोजावे

"आई कशी आहे?" या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते, "वयाच्या मानाने छान आहे." हे उत्तर खोटे नसते, पण त्यातून काही कळतही नाही. सहा महिन्यांपूर्वीही ती वयाच्या मानाने छानच होती, आणि आज पाटावरून उठताना तिला सुनेचा हात लागतो, ही गोष्ट त्या वाक्यात कुठेच येत नाही. वजन, रक्तदाब आणि साखर आपण नेमाने मोजतो, त्यांचे कागद फायलीत लावतो. पण उठणे, चालणे, तोल सांभाळणे आणि आपली कामे आपण करणे, ज्यांवर म्हातारपणाचा प्रत्येक दिवस चालतो, ते मात्र अंदाजावर सोडून देतो. या गोष्टी मोजता येतात. त्यासाठी एक खुर्ची, मोबाइलमधले स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि एक वही एवढेच लागते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर तीन महिन्यांनी अशी मोजणी होते. तिथे नव्याने मदतीला येणाऱ्यांना, आणि घरी आई-वडिलांची मोजणी करू इच्छिणाऱ्यांना, जे सांगावे लागते ते इथे क्रमाने लिहिले आहे.

वहीची दोन पाने

पहिली गोष्ट म्हणजे वहीत दोन वेगळी पाने आखावीत. एका पानावर शारीरिक क्षमता, म्हणजे सांगितल्यावर शरीर काय करून दाखवते ते. दुसऱ्यावर स्वावलंबन, म्हणजे दिवसभरात माणूस स्वतःचे स्वतः प्रत्यक्षात काय करतो ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या वार्धक्यविषयक अहवालातही हाच भेद केला आहे. माणसाच्या अंगची क्षमता वेगळी, आणि ती क्षमता व भोवतालची परिस्थिती मिळून त्याला जे साधते ते वेगळे. ही दोन पाने पुष्कळदा जुळत नाहीत. रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारणारे, चाचणीत उत्तम आकडे देणारे आजोबा स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचे नावही सांगू शकत नाहीत, आणि खुर्चीतून जेमतेम चार वेळा उठू शकणाऱ्या आजी ओट्याला टेकत, मधेमधे बसत, चौघांचा स्वयंपाक करतात. दोन्ही पाने भरल्याशिवाय या दोघांपैकी कोणाला कसली मदत हवी आहे ते समजत नाही.

तयारी आणि सावधगिरी

ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे हाड मोडले आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या छातीत दुखते किंवा ज्यांना त्या दिवशी ताप अथवा चक्कर आहे, त्यांची मोजणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मोजणी चालू असताना दम लागला, छातीत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा "बस, आता नको" असे त्यांनी म्हटले, तर तिथेच थांबावे आणि वहीत "थांबवले" असे लिहावे. तोही एक निकालच आहे.

मोजणीची वेळ दर खेपेस तीच असावी. सांधे सकाळी आखडलेले असतात, जेवणानंतर सुस्ती येते आणि पार्किन्सनच्या रुग्णाची चाल गोळी घेतल्यापासून किती वेळ गेला त्यावर बदलते. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली तेही टिपून ठेवावे. नऊवारी असो की पाचवारी, निऱ्या पायांत येणार नाहीत अशा खोचून घ्याव्यात. सटकणाऱ्या स्लिपर काढून ठेवाव्यात. पायांत रोजची घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट असावा. काठी वापरत असतील तर चालण्याच्या चाचणीत ती जरूर घेऊ द्यावी, पण तशी नोंद करावी.

खुर्चीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवख्यांच्या बहुतेक चुका इथे होतात. बैठकीची उंची जमिनीपासून सुमारे ४३ सेंटिमीटर, म्हणजे १७ इंच असावी, हात नसावेत आणि पाठ भिंतीला टेकवलेली असावी. सुरुवातीच्या काळात आम्ही सभागृहातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मोकळ्या मधोमध मांडत असू. एकदा एक गृहस्थ धपकन बसताच खुर्ची गुळगुळीत फरशीवर हातभर मागे सरकली. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने त्यांना वेळीच धरले म्हणून निभावले. तेव्हापासून भिंतीशिवाय खुर्ची नाही, हा आमचा नियम आहे. घरात नेमक्या उंचीची खुर्ची नसेल तर आहे तिची उंची मोजून वहीत लिहावी आणि पुढे नेहमी तीच वापरावी. खुर्ची दोन इंच उंच झाली तरी उठणे बरेच सोपे होते आणि आकडा उगाच सुधारलेला दिसतो.

मोजणाऱ्याने किंचित मागे, ज्या बाजूला कमजोरी आहे त्या बाजूला उभे राहावे. हात जवळ असावेत, पण लागू नयेत. आधी स्वतः करून दाखवावे, एकदा सराव करून घ्यावा आणि मग मोजावे. "चला आजोबा, अजून दोन!" असा जोश देऊ नये. ज्या दिवशी जोश दिला आणि ज्या दिवशी दिला नाही, त्या दोन दिवसांची तुलना होत नाही.

खुर्चीतून उठणे

पायांच्या ताकदीची ही चाचणी अमेरिकेत रिकली आणि जोन्स या दोन संशोधकांनी १९९० च्या दशकाअखेरीस ज्येष्ठांसाठी केलेल्या चाचणीसंचातली आहे. खुर्चीच्या मध्यावर बसावे, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर घ्यावेत आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येईल तितक्या वेळा ते करावे. पूर्ण उभे राहिले तरच एक धरायचा. वेळ संपताना निम्म्याहून अधिक उठलेले असतील तर तोही धरावा. उठताना हातांचा आधार घ्यावाच लागला तर नियमाने निकाल शून्य. तरी वहीत "शून्य, हात टेकून ५ वेळा" असे लिहावे, कारण हात टेकून पाच आणि हात टेकूनही नाही या दोन अवस्थांत फार अंतर आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या मर्यादा अशा आहेत. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी जमले तर ते सरासरीखाली समजतात. ७० ते ७४ साठी हेच आकडे १२ आणि १०, ७५ ते ७९ साठी ११ आणि १०, तर ८० ते ८४ साठी १० आणि ९ आहेत. हे आकडे तिथल्या लोकांवरून काढलेले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या आजींना ते जसेच्या तसे लावून घाबरवू नये.

आकड्याइतकेच उठण्याची पद्धत पाहणे मला महत्त्वाचे वाटते. गेल्या खेपेला एक निवृत्त शिक्षिका नऊ वेळा उठल्या. त्याआधीही नऊच वेळा उठल्या होत्या. वहीत दोन्हीकडे ९. पण या वेळी उठण्याआधी त्या बैठकीच्या कडेपर्यंत सरकत होत्या, दोनदा पुढेमागे झुलून मग जोर लावत होत्या, उठताना गुडघे एकमेकांना घासत होते, आणि शेवटच्या तीन वेळा त्या बसल्या नाहीत, पडल्याच. आम्ही ९ समोर हे सगळे लिहिले. पुढच्या तिमाहीत आकडा ६ वर आला, तेव्हा कोणाला आश्चर्य वाटले नाही.

ज्यांना अर्धा मिनिट झेपत नाही त्यांच्यासाठी पाच वेळा उठण्याची छोटी चाचणी आहे. हात छातीवरच ठेवायचे आणि पाच उठबशांना किती सेकंद लागतात ते मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांच्या प्राथमिक तपासणीत यासाठी १४ सेकंदांची मर्यादा आहे. स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पुढची तपासणी करावी असे सुचवले. दोन आकडे पाहून गोंधळू नये. पहिली चाळणी सर्वसाधारण हालचालीसाठी आहे, दुसरी विशेषतः स्नायूंसाठी, म्हणून ती जरा बारीक आहे.

चालणे

"उठा आणि चाला" ही चाचणी १९९१ मध्ये पोडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी मांडली, आणि घरासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारावी. घरात दोन फुटी फरशा असतील तर पाच फरशा म्हणजे साधारण तीन मीटर होतात, पण एकदा मोजपट्टीने खात्री करावी. पाठ टेकून बसलेल्या माणसाने "सुरू" म्हणताच उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. घड्याळ "सुरू" या शब्दाला चालू होते, माणूस उठल्यावर नव्हे; नवखे लोक हमखास इथे चुकतात. या चाचणीत हात असलेली खुर्ची चालते आणि हात टेकून उठायलाही हरकत नाही. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. वळताना किती पावले पडतात, फर्निचरला हात जातो का आणि पावले जमिनीला घासत जातात का, हे बाजूला लिहावे.

निव्वळ चालण्याचा वेग मोजायचा असेल तर सहा मीटर सरळ मोकळी जागा घ्यावी आणि मधल्या चार मीटरचीच वेळ मोजावी, म्हणजे सुरुवातीचा संथपणा आणि शेवटचा थांबा त्यात येत नाही. चार भागिले सेकंद म्हणजे वेग. चार मीटरला ५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. वर उल्लेखिलेल्या आशियाई गटाने सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेग हा मंद मानला आहे. फ्लॅटमध्ये सहा मीटर सरळ जागा मिळत नाही, तेव्हा इमारतीचा व्हरांडा किंवा वाहनतळ वापरावा. मात्र शहाबादी फरशीची उंचसखल जागा टाळावी.

तोल

ही चाचणी ओट्याजवळ किंवा खोलीच्या कोपऱ्यात घ्यावी आणि मोजणाऱ्याने हातभर अंतरावर राहावे. डोळे उघडे, काठी नाही, हात हवे तसे हलवायला मुभा. आधी दोन्ही पावले शेजारी जुळवून. मग एका पावलाची आतली कड दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांसमोर, म्हणजे दोरीवर चालल्यासारखी. आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक अवस्थेत १० सेकंद उभे राहायचे. एक अवस्था साधली नाही तर पुढची घेऊ नये. तिसऱ्या अवस्थेत १० सेकंद टिकले नाहीत, तर स्नानगृहातल्या ओल्या फरशीची काळजी त्याच दिवशी करावी.

जमिनीवरून उठणे

वरच्या सगळ्या चाचण्या खुर्चीच्या संस्कृतीतल्या आहेत. आपल्याकडे देवपूजा, पंगत, भाजी निवडणे आणि पुष्कळ घरांत शौचही खाली बसूनच होते. म्हणून आम्ही जमिनीवरून उठण्याची एक नोंद जोडतो. ब्राझीलमधील डॉक्टर क्लाउडिओ जिल अराउजो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच असे दहा गुण धरून, टेकवलेला प्रत्येक हात किंवा गुडघा यासाठी एक आणि तोल गेल्यास अर्धा गुण वजा केला होता. आम्ही गुण देत नाही. सतरंजीवर बसून उठताना कशाकशाचा आधार लागला एवढेच लिहितो, "एक हात, एक गुडघा", "खुर्चीची कड", "मुलाचा हात". गुडघ्याचा सांधा बदललेल्यांना आणि ज्यांना डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे त्यांना यातून वगळावे. ही नोंद पूजेपुरती नाही. घरात कोणी नसताना पडल्यावर स्वतःहून उठता येईल का, याचा अंदाज तिच्यातूनच येतो.

हाताच्या पकडीची ताकद मोजायला डायनॅमोमीटर लागतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत तो वापरला गेला, पण घरासाठी विकत घेण्याची गरज नाही. त्याऐवजी पोटरीचा घेर मोजावा. बसलेल्या स्थितीत पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती शिंप्याची टेप घट्ट न आवळता धरावी. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा स्नायू झिजल्याचा इशारा असू शकतो. पायाला सूज असेल तर हा आकडा फसवतो.

दुसरे पान : स्वावलंबन

आता अवघड काम. इथे घड्याळ नाही, विचारावे लागते. आणि आपल्या घरांत या प्रश्नांची उत्तरे प्रेमाखाली झाकलेली असतात.

सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत सहा गोष्टी आहेत. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंग-खुर्चीतून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. प्रत्येकाला एक गुण, पूर्ण सहा म्हणजे स्वावलंबी. नियम बारकाईने पाहावेत. आंघोळीत फक्त पाठ चोळायला मदत लागत असेल तरी गुण मिळतो. बुटाची नाडी दुसऱ्याने बांधली तरी कपड्यांचा गुण जात नाही. ताट दुसऱ्याने वाढले तरी घास स्वतः घेतला की जेवणाचा गुण मिळतो. या क्षमता सहसा ठरावीक क्रमाने जातात असे कॅट्झ यांना दिसले होते. आंघोळ आधी, स्वतः जेवणे सर्वांत शेवटी. म्हणून मी आंघोळीवर सर्वांत जास्त वेळ घालवतो.

"आंघोळ स्वतः करता ना?" असे विचारले तर उत्तर "हो" असेच येते. त्याऐवजी आजच्या सकाळचे विचारावे. पाणी कोणी काढले? बादली उचलून आत कोणी नेली? स्टुलावर बसलात की उभ्याने? तांब्या डोक्यापर्यंत जातो का? दाराची कडी लावता की नुसते लोटून घेता? एका काकूंनी सगळी उत्तरे ठणठणीत दिली आणि कडीच्या प्रश्नाला थांबल्या. "ती लावत नाही हल्ली, पडले-बिडले तर," म्हणाल्या. भीती तिथे होती, आणि ती सहापैकी सहा गुणांत दिसली नसती.

प्रत्येक कामापुढे मी चारपैकी एक शेरा लिहितो. "करतात", "येते पण करत नाहीत", "येत नाही" आणि "करू देत नाहीत". चौथा शेरा कोणत्याही छापील सूचीत नाही, पण आमच्या वह्यांत तो फार वेळा येतो. सून बादली भरून ठेवते, मुलगा "तू बस, मी आणतो" म्हणतो, आणि वर्षभरात "करू देत नाहीत" चे "येत नाही" होऊन बसते. म्हणून आधी ज्येष्ठांना एकट्याने विचारावे, मग घरच्यांना वेगळे, आणि दोन्ही उत्तरे लिहावीत. ती जुळली नाहीत तर कोण खोटे बोलते हा प्रश्न नसतो. बहुधा एकजण काय येते ते सांगत असतो आणि दुसरा काय घडते ते.

घराबाहेरच्या आणि डोके चालवण्याच्या कामांसाठी लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची आठ कामांची यादी आहे. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचा व्यवहार. मूळ पद्धतीत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणे वगळून पाचच कामे मोजत, हे वाचून आपल्याकडच्या अनेक स्त्रिया हसतील. आज सरसकट वगळू नये. जन्मात चहा न केलेल्या आजोबांपुढे "कधीच केले नाही" असे लिहावे, "येत नाही" नव्हे. शहरातल्या नोकरदारांसाठी केलेले प्रश्न खेड्यातल्या निरक्षर वृद्धांना लागू पडत नाहीत, ही अडचण संशोधकांनाही आली होती. हरियाणातील बल्लभगड परिसरात याच कारणाने भारतीय जीवनाला धरून वेगळी सूची बनवली गेली आणि ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपणही प्रश्न आपल्या घराचे करावेत. डबीत आठवड्याच्या गोळ्या स्वतः भरतात का? भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेतात का? नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला स्वतः जातात का? फोनवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नये, हे लक्षात राहते का? ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पण गाडीची ती पहिली उंच पायरी चढता येते का, हे विचारल्यावर सवलतीचा खरा उपयोग कितपत आहे ते समजते.

आकडे वाचताना

एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये. पहिल्या खेपेला लोक बावचळतात, दुसऱ्या खेपेला सरावतात, त्यामुळे आठवड्याभरात दोनदा मोजून दुसरा आकडा आरंभाचा धरणे बरे. "उठा आणि चाला" मध्ये एखाद्या सेकंदाचा फरक पडतोच. चालण्याच्या वेगात मात्र सेकंदाला ०.१ मीटरची घट कायम राहिली तर ती खरी समजावी. शेजाऱ्यांच्या वहीशी तुलना करण्याऐवजी त्याच माणसाचे मागचे पान उघडावे.

हळूहळू उतरणारे आकडे घेऊन डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे सवडीने जाता येते. पण दोन-चार दिवसांत चाल बिघडली, कालपर्यंत कपडे घालणाऱ्या माणसाला आज ते जमेना, किंवा लघवीवरचा ताबा एकाएकी गेला, तर ते वय नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, पडून लागलेला आणि न सांगितलेला मार, यांपैकी काहीही असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तोंड वाकडे झाले, एका बाजूची ताकद गेली किंवा बोलणे अडखळले तर वही बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही नेऊ नये; ती वाचायला त्यांना वेळ नसतो. एका कागदावर मागच्या तीन तारखा, प्रत्येकीखाली उठबशांचा आकडा, "उठा आणि चाला" चे सेकंद, चालण्याचा वेग, सहापैकी गुण, वर्षभरात किती वेळा पडले आणि सध्याच्या सर्व गोळ्या, एवढे लिहून न्यावे. आणि वही बंद करण्याआधी पुढच्या मोजणीची तारीख पानाच्या कोपऱ्यात टाकून, वापरलेल्या खुर्चीच्या खाली मार्करने एक फुली मारून ठेवावी. नाहीतर तीन महिन्यांनी तिच्या जागी दुसरीच खुर्ची येते, आणि कमी झालेल्या दोन उठबशा आजींच्या की खुर्चीच्या, हे कोणालाच सांगता येत नाही.